सापडले ते कुणाचे?

पाथर्डीला समुद्र नाही. समुद्र तर सोडाच, उन्हाळ्यात आमच्या तालुक्यातल्या कित्येक वाड्यावस्त्यांना टँकरची वाट पाहावी लागते. अशा गावात राहणाऱ्या आम्हा दोघा शिक्षकांच्या घरी, पुस्तकांच्या कपाटामागे, समुद्राच्या वाळूत धातू शोधण्याचे यंत्र उभे आहे. ते पाहून पाहुण्यांना हसू येते. "सर, इथं काय शोधता, ढेकळं?" असे विचारतात. हे यंत्र घरात कसे आले आणि त्याने आम्हाला काय शिकवले, ते आज वाचकांना सांगावेसे वाटते.

२०१८ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही प्रथमच कोकणात गेलो. बी.एड.चे आमचे एक जुने सहाध्यायी श्रीवर्धन तालुक्यात शिक्षक आहेत. त्यांचा फार दिवसांचा आग्रह होता. पहाटे निघालो. तिसगाव, करंजी करत घाट उतरलो, नगरला चहा घेतला, पुण्यावरून ताम्हिणी घाटाला लागलो आणि माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन असे करत असरच्या सुमारास दिवेआगरला पोहोचलो. करंजी घाटातले उघडे माळ सकाळी पाहिलेले डोळे संध्याकाळी सुपारीच्या बागा पाहत होते. आमच्या मुलीने तोवर समुद्र फक्त भूगोलाच्या पुस्तकात पाहिला होता. ती सात वर्षांची होती. पाण्यात शिरली ती बाहेर यायला तयार नव्हती.

मगरिबच्या थोडे आधी तिच्या कानाकडे लक्ष गेले. एका कानातली बाळी नव्हती. तिच्या नानीने, म्हणजे आमच्या घरच्या थोरल्या अम्मींनी, ती जोडी तिच्या जन्मानंतर घडवून घेतली होती आणि पुढच्याच वर्षी त्या अल्लाहला प्याऱ्या झाल्या होत्या. सोने असेल जेमतेम दीड ग्रॅमचे, पण त्याची किंमत सराफाच्या काट्यावर होण्यासारखी नव्हती. आम्ही सर्वांनी गुडघ्यांवर बसून वाळू चाळली. मित्राच्या घरून पिठाची चाळणीसुद्धा आणली. अंधार पडला, भरती चढू लागली आणि आम्ही उठलो. मुलगी रस्ताभर रडली नाही, एवढेच म्हणाली, "अब्बू, समुद्र ती परत देईल ना?"

त्याचे उत्तर म्हणून पुढच्या उन्हाळ्यात आम्ही हे यंत्र मागवले. सुट्टीच्या खर्चातून वाचवलेले पैसे त्यात गेले. मनात बाळी होती हे खरे. पण दोन माणसांनी आंतरजालावरचे चलचित्र पाहून सांगितले होते, की असल्या यंत्राने लोक सोन्याच्या साखळ्या काढतात. ती हावही मनात कुठेतरी होतीच. ती लपवण्यात अर्थ नाही.

यंत्राचे तत्त्व विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे सोपे आहे. खालच्या चकतीत तारेचे वेटोळे असते. त्यातून उलटसुलट वाहणारी वीज आपल्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार करते. खाली धातू असेल तर त्या धातूत बारीक प्रवाह फिरू लागतात आणि त्यांचे उलट क्षेत्र यंत्र ओळखते. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली, तेव्हा टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी असेच यंत्र करून गोळी शोधण्याचा प्रयत्न केला होता. त्यात यश आले नाही. पलंगाच्या गादीतल्या लोखंडी स्प्रिंगांनी यंत्राला चकवले, असे एक कारण सांगितले जाते. यंत्र धातू आहे एवढे सांगते. तो कोणता, कशाचा आणि कुणाचा, हे माणसाला ठरवावे लागते.

पहिल्या वर्षी आम्हाला हे काहीच कळत नव्हते. यंत्र वाजले की खणायचे. चार दिवसांत आम्ही बाटल्यांची बुचे, शीतपेयांच्या डब्यांच्या कड्या, गंजलेले खिळे, मासेमारीच्या जाळ्याचे शिसे आणि सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी एवढी संपत्ती जमवली. पाण्याजवळच्या ओल्या वाळूत तर यंत्र वेड्यासारखे किंचाळत सुटे. खारे पाणी स्वतःच वीज वाहून नेते, त्यामुळे साध्या यंत्राला तेही धातूसारखेच भासते, हे नंतर समजले. त्यात कोकणच्या वाळूत काळ्या लोहकणांचे पट्टे असतात. तेही यंत्राला फसवतात.

मग आम्ही शहाणपणा केला. यंत्राला एक बटण असते, त्याने नको असलेल्या धातूंचा आवाज बंद करता येतो. आम्ही लोखंड बंद केले, चंदेरी आणि डब्यांच्या कड्याही बंद केल्या. किनारा एकदम शांत झाला. दोन दिवस निवांत फिरलो आणि रिकाम्या हाताने परतलो. मित्राने हसून विचारले, "कड्या बंद केल्या म्हणता, मग बाळीचा आवाज कसा येणार?" त्यांचे म्हणणे बरोबर होते. बारीक सोने आणि ॲल्युमिनियमची पातळ कडी यंत्राच्या कानाला जवळजवळ सारखीच ऐकू येतात. कचरा नको म्हणणाऱ्याला सोनेही मिळत नाही. आताची एक-दोन रुपयांची नाणी स्टीलची, चुंबकाला चिकटणारी. लोखंड बंद केले की त्यातली बरीचशी नाणीही गप्प बसतात. वर्गातल्या गोंगाट करणाऱ्या मुलांना बाहेर काढले की वर्ग शांत होतो, पण त्यांच्यातला हुशार मुलगाही बाहेर जातो, हे आम्हा शिक्षकांना वेगळे सांगायला नको होते.

२०२० साली टाळेबंदी आली. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने त्या किनाऱ्याला झोडपले. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, किनाऱ्यावरचे सुरू उन्मळून पडले. २०२१ च्या दिवाळीत गेलो, तर ओळखीची पुळण ओळखू येईना. जिथे बाळी हरवली असे आम्ही बोट ठेवून सांगत होतो, ती जागाच राहिली नव्हती. त्या दिवशी मनाने मान्य केले, की ती बाळी आता मिळणार नाही. आणि नवल म्हणजे, त्याच दिवसापासून आम्ही नीट शोधायला शिकलो.

आधी आम्ही यंत्राकडे पाहत होतो, आता किनाऱ्याकडे पाहू लागलो. समुद्र वाळू कुठे टाकतो, कुठून नेतो, याला शिस्त आहे. जड वस्तू जड वस्तूंच्या संगतीत थांबतात. जिथे मोठे शिंपले, खडे आणि शिशाचे तुकडे एका रेषेत सापडतात, तिथे नाणे सापडण्याचा संभव जास्त. वाळू साठून जाड थर झाला असेल तिथे चकती फिरवणे व्यर्थ, आणि लाटांनी वाळू खरवडून नेली असेल तिथे थांबावे.

भरती-ओहोटीचे गणित मित्राच्या वालिदांनी शिकवले. अमावस्या-पौर्णिमेला उधाण येते, पाणी खूप चढते आणि तितकेच दूर ओसरते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, म्हणजे चढउतार कमी. आपली हिजरी तारीख चंद्राचीच असल्यामुळे आम्हाला वेगळे कोष्टक लागत नाही. चांद १ आणि चांद १५ च्या आसपास त्या किनाऱ्यावर मोठी ओहोटी साधारण सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास असते. पुढे रोज ती पाऊण-एक तासाने उशिरा येते. म्हणजे त्या दिवसांत फजरची नमाज पढून निघाले की समुद्र आपणहून दूर झालेला असतो. ज्या चंद्रावर आपण ईद ठरवतो त्याच चंद्रावर कोळी बांधव आपली होडी काढतात, ही गोष्ट पाथर्डीच्या माळावर कधी सुचली नसती.

काही पथ्येही तिथेच कळली. त्या किनारपट्टीवर हिवाळ्यात समुद्री कासवे अंडी घालायला येतात. खाडीपलीकडचे वेळास गाव तर त्यासाठीच प्रसिद्ध आहे. म्हणून त्या दिवसांत भरतीच्या रेषेच्या वर खणायचे नाही. खणलेला प्रत्येक खड्डा बुजवायचा, कारण लहान मूल त्यात पाय अडकून पडते. निघालेला कचरा पिशवीत भरून आणायचा. पाहता पाहता कचऱ्याची पिशवी हाच आमचा खात्रीचा लाभ ठरला. मुलगी आता खिळे आणि काचा वेगळ्या करून वजन लिहून ठेवते.

२०२२ च्या मे महिन्यात, शव्वालच्या पौर्णिमेच्या सुमारास, सकाळी खडे-शिंपल्यांच्या अशाच एका रेषेत यंत्र हलकेच वाजले. डब्याची कडी असेल म्हणून खणले. वीतभर खाली सोन्याची अंगठी होती. आतल्या बाजूने दोन अक्षरे आणि एक तारीख कोरलेली.

खोटे कशाला सांगावे, पहिला विचार तिच्या वजनाचा आला. दुसरा विचार असा, की समुद्राने आमची बाळी घेतली, ही तिची भरपाई. मन किती पटकन वकील उभा करते! मुलगी शेजारी उभी होती. तिने अंगठी हातात घेतली, आतली अक्षरे वाचली आणि विचारले, "ही कुणाची आहे?" "आपल्याला काय मिळाले?" असे तिने विचारले नाही. तीन वर्षांत आम्ही एकदाही असा प्रश्न केला नव्हता.

हरवलेली वस्तू सापडली, तर ती सापडणाऱ्याची होत नाही, ती त्याच्याकडे अमानत असते. आपल्या दीनने याबाबत किती बारकाईने सांगितले आहे! वस्तूची खूण नीट लक्षात ठेवावी, वर्षभर तिची जाहीर वाच्यता करावी आणि जो खूण पटवील त्याला ती द्यावी. देशाचा कायदाही हेच सांगतो. मालक शोधण्याचा योग्य प्रयत्न न करता सापडलेली वस्तू वापरून टाकणे हा गुन्हा आहे. आम्ही पोलिसांना लेखी कळवले आणि मित्राच्या मदतीने घरगुती निवासांच्या चालकांकडे चिठ्ठ्या दिल्या. चिठ्ठीत एवढेच होते: किनाऱ्यावर दागिना सापडला आहे, खूण सांगून घेऊन जावा. अंगठी हा शब्दही लिहिला नाही. दोन फोन आले. एकाची साखळी होती, दुसऱ्याने नुसताच अंदाज मारला.

आठव्या महिन्यात तिसरा फोन आला. बोलणाऱ्या ताईंनी आधी तारीख सांगितली, मग अक्षरे. त्या आधीच्या हिवाळ्यात आल्या होत्या. पुन्हा त्याच घरी उतरल्यावर भिंतीवरची चिठ्ठी त्यांना दिसली. मित्राच्या घरी त्यांना अंगठी मिळाली आणि त्या फोनवर बराच वेळ काही बोलू शकल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सर, ज्यांनी ही घातली होती ते आता नाहीत." पैशांचा विषय त्यांनी काढला, आम्ही तो बंद केला. फोन ठेवल्यावर मुलगी म्हणाली, "मग माझी बाळीपण कुणीतरी जपून ठेवली असेल." आम्ही आमेन म्हटले.

सापडलेले सारेच हरवलेले नसते. काही फार जुने, मुद्दाम दडवलेले असते. त्याचा हिशेब वेगळा. त्यासाठी १८७८ चा निखात निधी कायदा आहे. जमिनीत दडलेला दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शरीअतमध्येही अशा दफीन्याचा, म्हणजे रिकाजचा, पाचवा हिस्सा काढून देण्याचा हुकूम आहे. संरक्षित स्मारकांच्या आवारात तर परवानगीशिवाय खणताच येत नाही.

कळवल्याने काय होते, याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी दायमाबाद आहे. १९७४ साली छबू लक्ष्मण भिल्ल या शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना कांस्याच्या चार वस्तू मिळाल्या: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. मिळून साठ किलोहून अधिक वजन. मोडीत घातल्या असत्या तर भांडी झाली असती. त्या वाचल्या म्हणून आज हजारो वर्षांपूर्वीच्या कारागिराचा हात जग पाहते. दिवेआगरलाही १९९७ मध्ये द्रौपदी धर्मा पाटील यांना आपल्या वाडीत खणताना पेटीत सोन्याची गणेशमूर्ती सापडली. त्यांनी ती घरात दडवली नाही, ती गावाची झाली. २०१२ मध्ये दरोडेखोरांनी पहारेकऱ्यांचा जीव घेऊन ती लुटली आणि सोने वितळवले. एकाच मूर्तीच्या वाट्याला दोन्ही प्रकारचे हात आले.

इंग्लंडमधली होक्सनची हकीकत आम्ही वर्गात नेहमी सांगतो. १९९२ साली एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्याचे मित्र एरिक लॉज यंत्र घेऊन तो शोधायला गेले, तर रोमन काळातली सोन्याचांदीची नाणी लागली. त्यांनी पुढे खणणे थांबवले आणि अधिकाऱ्यांना कळवले. शास्त्रशुद्ध उत्खननात सुमारे पंधरा हजार नाणी निघाली. हातोडाही सापडला, आणि तोही आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. दुसऱ्याची वस्तू शोधायला निघालेल्या माणसाला हे मिळाले, हे मुलांना फार आवडते.

आता पाथर्डीकडे येऊ. आमच्याकडे यंत्र आहे ही बातमी गावात फिरली आणि एका रात्री मोटारसायकलवर दोन अनोळखी माणसे आली. एका पडक्या गढीत गुप्तधन आहे, यंत्र घेऊन चला, तिसरा वाटा तुमचा. आम्ही नाही म्हटले. गुप्तधनाच्या वेडापायी आपल्या राज्यात काय काय अघोरी घडले आहे आणि त्याविरुद्ध २०१३ चा कायदा का करावा लागला, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला ठाऊक आहे. माणसे निघून गेली, पण कुजबुज मागे राहिली. काही दिवसांनी ओढ्याकाठी मुलीला यंत्र दाखवत होतो, तर दहाबारा जण जमले. "काय काढताय इथं?" आवाज चांगला नव्हता. त्यांचेही चुकले नव्हते. खाली मान घालून जमीन तपासणाऱ्या माणसाबद्दल कुणालाही शंका येणारच. आणि आमच्यासारख्यांना शंकेचे ओझे जरा लवकर जाणवते. तेव्हापासून नियम केला: मालकाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचे नाही, दिवसाउजेडी जायचे, पोलीस पाटलांना आधी सांगायचे आणि सापडलेले सारे तिथेच सर्वांसमोर वहीत लिहायचे.

त्याच जमावातले एक गृहस्थ गुढीपाडव्यानंतर घरी आले. आमचा तालुका ऊसतोडीला जाणाऱ्यांचा. सहा महिने कारखान्यावर कोयता चालवून ती माणसे नुकतीच परतली होती. त्यांच्या सुनेचे डोरले हरवले होते. "गुरुजी, ते यंत्र आणता का?" शब्द जड झाले होते. आम्ही लगेच निघालो. पूर्वी असतो तर आल्या आल्या यंत्र सुरू केले असते. आता आधी बसलो, पाणी घेतले आणि सुनबाईंना विचारले, "शेवटचे गळ्यात कधी पाहिले? त्यानंतर कुठे वाकलात, काय झाडलेत?" त्यांनी आठवून आठवून सांगितले: पहाटे अंगण झाडले, गोठा लोटला. झाडलोट कुठे टाकली? उकिरड्यावर. अंगणात यंत्र फिरवलेच नाही. उकिरड्याच्या वरच्या थरातून चार खिळे, एक बुच आणि अर्ध्या तासात डोरले निघाले. नगरच्या सराफ बाजारातली माती चाळून सोन्याचे कण वेचणारे झारेकरी कोणत्या यंत्राने शोधतात? सोने पडते कुठे आणि झाडूने जाते कुठे, हे त्यांना ठाऊक असते. तेच थोडेसे आम्हाला कळले होते.

त्या गृहस्थांनी गुळाचा चहा पाजला. ओढ्याकाठच्या दिवसाबद्दल दोघेही काही बोललो नाही. पण आता ओढ्याकडे गेलो की ते लांबूनच हात करतात. तेव्हापासून आजूबाजूच्या वाड्यांवरून अशी बोलावणी येतात. खुरपणीत पडलेले जोडवे, कडब्यात गेलेली नथ, विहिरीच्या कडेची किल्ली. काही मिळते, काही मिळत नाही. पैसे घेत नाही.

मुलगी आता दहावीला आहे. राहिलेली एक बाळी डबीत ठेवली आहे. पुढच्या सुट्टीत पुन्हा दिवेआगरला जाणार आहोत. बाळी मिळेल अशी आशा नाही. तरी निघताना ती डबी मुलगी पिशवीत ठेवते. कुणी आणून दिलीच, तर खूण पटवायला जोडीची बाळी जवळ असावी, असे तिचे म्हणणे आहे. आम्हाला ते पटले आहे.